तेविसावा प्रश्न

“पुन्हा,” अप्पा म्हणाले. “‘मला भाऊ हवा आहे’ म्हणताना नजर खाली जातेय तुझी. नजर खाली गेली की ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी मनापासून बोलत नाही.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गच्चीवर सकाळचं ऊन होतं. अप्पांच्या डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हाताशी, स्टुलावर, पितळी घंटा. अडीच मिनिटं झाली की एक टोला, तीन मिनिटं झाली की दोन. दुसऱ्या टोल्याच्या आत आटोपलं नाही तर गुण कापतात, हे मला बाराखडी यायच्या आधीपासून माहीत होतं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, पाचवीत. आम्ही बार्शीला राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात मराठी शिकवायचे, पण गावात त्यांचं नाव होतं ते वक्तृत्व स्पर्धांमुळे. उंबरजे सरांच्या हाताखालून गेलेलं पोर नंबर घेतल्याशिवाय परत येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात ढाली आणि करंडक दाटीवाटीने उभे असायचे. त्यातले तीन माझे. स्वतःचं नाक पुसायची अक्कल नव्हती त्या वयात मी ‘वृक्ष आणि मानव’ या विषयावर तीन मिनिटं बोलून टाळ्या घेऊन आले होते.

या वेळी मात्र स्पर्धा नव्हती. सोलापूरच्या एका संस्थेतल्या मॅडम येत्या रविवारी आमचं घर बघायला येणार होत्या. त्यांना घर पटलं, माणसं पटली, तर सागर आमच्याकडे येणार होता. सागर सात महिन्यांचा होता आणि त्याला कुणी नव्हतं.

अप्पांना कुठलीही गोष्ट तयारीशिवाय करता यायची नाही. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि मॅडम काय काय विचारतील याचा विचार करून बावीस प्रश्न काढले. आपल्याला मूल का हवे? एक मुलगी असताना दुसरे का? उद्या नातेवाईक काही बोलले तर? मूल मोठे झाल्यावर त्याला खरे सांगणार का? प्रत्येकाखाली लाल शाईने उत्तर. आईच्या वाट्याला आठ प्रश्न आले, माझ्या वाट्याला पाच, सात त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि उरलेले दोन शेजारच्या महादेवीकाकूंना दिले, कारण शेजाऱ्यांकडेही चौकशी होते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

काकूंना पाठांतर जमेना. “‘या कुटुंबाशी आमचे बारा वर्षांपासून जिव्हाळ्याचे संबंध आहेत,’” अप्पा सांगायचे आणि काकू ‘जिव्हाळ्याचे’पाशी अडकायच्या.

“सर, मी आपलं माझ्या तोंडानं सांगते की,” काकू म्हणाल्या. “चांगली माणसं हायती म्हनून. तुमचा शब्द आला की माझी जीभच वळंना.”

“काकू, नुसतं चांगली म्हणून भागत नाही. भावना पोचायला पाहिजे.”

“भावनाच पोचवायलेय वं मी. तुम्ही शब्द तेवढा काढा.”

आई भिंतीला टेकून भाजी निवडत होती. ती हसली. अप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि वहीत उगीचच काहीतरी खोडलं. आई हसली की ते असे गडबडून जायचे, कारण मधलं जवळजवळ एक वर्ष ती हसलीच नव्हती.

माझं भाषण त्या दिवशी पाचव्यांदा झाल्यावर अप्पांनी घंटा बाजूला ठेवली आणि मला जवळ बोलावलं. आवाज बारीक करून म्हणाले, “आणि एक ध्यानात ठेव, गिरिजा. मिरज म्हणायचं नाही. काही झालं तरी.”

“मॅडमनी विचारलं तर?”

“त्या कशाला विचारतील? त्यांना माहीतच नाही.”

मी मान हलवली. आमच्या घरात मिरज हा शब्द तसाही कुणी उच्चारत नव्हतं.

मिरजेचं असं झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी आईला बाळ होणार होतं. त्याआधी दोनदा दिवस राहून पोटातलं गेलं होतं, पण ते मला आठवत नाही. हे तिसरं आठवतं, कारण आईचं पोट मोठं झालं होतं आणि मी त्याला कान लावायची. आठव्या महिन्यात एका दुपारी तिला दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांनी ती रिकाम्या हाताने घरी आली. बाळ कुठंय म्हणून मी विचारलं. काकूंनी मला ओढून स्वतःच्या घरी नेलं आणि हातावर लाडू ठेवला.

त्यानंतर आई बोलायची थांबली. केस विंचरायची नाही. भाकरी थापायला बसली की पीठ हातात तसंच धरून बसायची. मी शाळेतून आले तरी ती सकाळच्याच जागी असायची. चार महिन्यांनी अप्पांनी तिला मिरजेला नेलं, डोक्याच्या डॉक्टरांकडे, असं मी काकूंच्या तोंडून चोरून ऐकलं. ती दोन महिने तिथे राहिली. मी काकूंकडे जेवायची, झोपायची आणि आरशासमोर उभी राहून स्वतःच्या वेण्या घालायला शिकले. भांग कायम वाकडा यायचा. आई परत आली तेव्हा वाळून गेली होती, पण तिने मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, “भांग कुणी गं पाडला असला?” मी त्या वाक्यावर इतकी रडले की शेवटी तीच मला थोपटत बसली.

तिथे काय झालं, का झालं, परत होईल का, हे मला कुणी सांगितलं नाही. मोठ्यांच्या गोष्टी म्हणून सोडून दिलं. आई रोज सकाळी तपकिरी बाटलीतली एक गोळी घ्यायची, एवढंच मला दिसायचं.

मग सोलापूरची संस्था आली. डॉक्टरांनी आता पुन्हा नको म्हणून सांगितलं होतं. अप्पांच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी तिथून मुलगी आणली होती, त्यांनी नाव सुचवलं. आम्ही तिघंही गेलो. एका लांबलचक खोलीत पाळणे होते आणि दुधाचा, पावडरीचा वास होता. तिथल्या एका बाईंनी सागरला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. त्याने आईकडे नीट पाहून घेतलं, मग हात घालून तिचं मंगळसूत्र मुठीत पकडलं आणि सोडेचना. बाई सोडवायला आल्या तर याने भोकाड पसरलं. आई म्हणाली, “असू दे, असू दे, तोडलं तर तोडू दे,” आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

परत येताना एसटीत आई म्हणाली, “अहो, नाव सागरच ठेवायचं. कुणीतरी त्याला एक नाव दिलंय. तेवढं तरी त्याचं त्याच्याकडे राहू दे.”

दुसऱ्याच दिवशी तिने शिवणाचं मशीन बाहेर काढलं. मऊ झालेली जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवली, कुंची शिवली. आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं नवं नसतं. ज्या घरातली मुलं सुखाने वाढलीत अशा घरातून जुनं मागून आणायचं असतं. आईने काकूंच्या नातवाचं आणलं. पिवळं, बंद विरलेलं. ते तिने स्वतः धुतलं, घडी घातली आणि कपाटात सगळ्यात वर ठेवलं. दिवसातून चारदा कपाट उघडून ती ते बघायची, आणि मी तिला बघायची.

मला भाऊ हवा होता का? अप्पांच्या भाषणात हवाच होता. ‘राखी पौर्णिमेला माझे हात रिकामे असतात’ असं एक वाक्य होतं, तिथे हात पुढे करायचे होते. पण मनात माझं वेगळंच चाललं होतं. मी माझा हिशेब मांडला होता, दहा वर्षांच्या पोरीचा. बाळ येणार म्हणाले आणि आई मिरजेला गेली. आता पुन्हा बाळ येणार म्हणत होते.

रविवारी सकाळी तासगावकर मॅडम साडेनऊच्या एसटीने आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. अप्पा आणायला स्टँडवर गेले होते, तर त्या त्यांच्या आधीच पत्ता विचारत दारात हजर. आईची धांदल उडाली. अप्पा घाम पुसत पाच मिनिटांनी आले आणि आल्या आल्या त्यांनी आधी काचेच्या कपाटाकडे नजर टाकली. सकाळी त्यांनी आईच्या गोळ्यांची बाटली सगळ्यात मोठ्या करंडकात लपवली होती, मी बघितलं होतं.

मॅडमनी सगळं घर पाहिलं. स्वयंपाकघर, मोरी, पाण्याची टाकी, बाळ कुठे झोपणार ती जागा. दुपटी हातात घेऊन पाहिली. “हातची शिलाई आहे?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “कडा हाताने मारल्यात. मशीनचा दोरा टोचतो बाळाला.” हे वहीत नव्हतं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि आईकडे बघून मनापासून हसल्या. तेव्हाच सगळं थांबलं असतं तर सागर आमचा होता, असं मला आजही वाटतं.

मग अप्पांचे प्रश्न झाले. अप्पांनी उत्तरं सुरेख दिली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग काकू आल्या. “आमचे या कुटुंबाशी बारा वर्षांपासून,” इथवर येऊन त्या थांबल्या, अप्पांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जाऊ द्या. बाई, ही माझीच माणसं हायती. पोरगं हितं आलं तर त्याचं सोनं हुईल.” आणि पदराने डोळे पुसत निघून गेल्या.

“आता गिरिजाबाई,” मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुला काय वाटतं, बाळ यावं का घरात?”

मी उभी राहिले. पाय जुळवले, हात मागे घेतले आणि सवयीने तोंडातून निघालं, “सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो.”

अप्पांचा चेहरा पडला. मॅडमचं पेन हवेत राहिलं, मग त्या खुदकन हसल्या. “पुढे?” त्या म्हणाल्या. पुढे काय, गाडी घसरली तरी थांबायचं नाही ही अप्पांचीच शिकवण. मी सगळं म्हटलं. राखी पौर्णिमेला हात पुढे केले. नजर खाली जाऊ दिली नाही.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मागे शेवग्याचं झाड दिसलं मला. चल, दाखव.”

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता. आम्ही दोघी त्यावर बसलो. डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी, आतून आई चहाची भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

“अप्पांनी लिहून दिलं होतं का गं?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“पाठांतर छान आहे. घरात सगळे पाठ करत होते का?”

“हो. काकूंचं राहिलं.”

त्या पुन्हा हसल्या. पेनाला टोपण लावून त्यांनी ते पिशवीत टाकलं. “बरं, मी मघापासून सगळ्यांना प्रश्न विचारतेय. आता तू विचार. मला काही विचारायचंय तुला?”

बावीस प्रश्नांत हा नव्हता. अप्पांनी सगळ्याची उत्तरं शिकवली होती, पण मला कुणी काही विचारायला सांगेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याकडे पाठ केलेलं काहीच नव्हतं. म्हणून जे होतं ते मी विचारलं.

“बाळ आलं की आई परत मिरजेला जाईल का?”

“मिरजेला? कशाला?”

“मागच्या वेळी गेली होती. बाळ येणार होतं ना, ते आलं नाही, मग ती बोलायचीच नाही. दोन महिने तिकडे ठेवली होती. आता गोळ्या घेते.” आणि मग मला एकदम भीती वाटली. “अप्पांनी सांगितलंय मिरज म्हणायचं नाही.”

वर खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता. ते माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हे तू मला सांगितलंस ते मी कुणाला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही बाळ. ते आईच देऊ शकेल. तिला विचारशील?”

मी हो म्हटलं. विचारलं मात्र कधीच नाही.

आत गेल्यावर मॅडम खुर्चीवर बसल्या. अप्पांना म्हणाल्या, “सर, एकच राहिलं. घरात मागच्या काही वर्षांत कुणाचं मोठं आजारपण झालंय का? झालं असलं तरी हरकत नसते. आम्हाला फक्त माहीत असावं लागतं.”

“नाही,” अप्पा म्हणाले.

“शरीराचं, मनाचं, कसलंही. सावकाश आठवून सांगा.”

“नाही मॅडम. देवाच्या दयेने सगळे ठणठणीत.” त्यांनी नजर खाली जाऊ दिली नाही. स्वतःच शिकवलेलं त्यांनी स्वतः चोख करून दाखवलं.

मॅडमनी आईकडे पाहिलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कपांतला चहा बशांत सांडला होता. तिने ट्रे पुढे केला. मॅडमनी चहा घेतला, छान झालाय म्हणाल्या आणि अकराच्या गाडीने गेल्या.

त्या गेल्यावर अप्पांनी मला उचलून घेतलं, दहा वर्षांच्या घोडीला. “काय बोललीस गं. सुरुवात चुकली, पण सावरलंस. मागे काय विचारलं त्यांनी?”

“झाडाचं विचारलं. शेंगा किती येतात ते,” मी म्हणाले.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. ‘तूर्त आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.’ अप्पांनी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं आणि तशीच सोलापूरची गाडी पकडली. संध्याकाळी परत आले ते चप्पल न काढता बाहेरच्या खोलीत बसले. आई पाणी घेऊन गेली. मी दाराआड होते.

“त्यांना मिरजेचं कळलंय,” अप्पा म्हणाले. “कुठून कळलं ते सांगत नाहीत. चौकशी केली म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, सर, आजार ही अडचणच नव्हती, बऱ्या झालेल्या किती बायकांच्या ओटीत आम्ही मूल घातलंय. पण मी दोनदा विचारलं आणि तुम्ही दोनदा नाही म्हणालात. जे आज मला सांगितलं नाही, ते उद्या मुलाचं काही झालं तर सांगाल कशावरून?”

“आणि सागर?” आईने विचारलं.

“नागपूरचं एक कुटुंब आहे. पुढच्या महिन्यात नेतील. आपण वर्षाने पुन्हा अर्ज करू शकतो म्हणाल्या.”

आई खाली बसली. “मला तो हवा होता,” ती म्हणाली. “दुसरा कशाला करायचा अर्ज?”

“माझंच चुकलं, प्रमिला. पोरीला पोपट करून उभं केलं मी त्यांच्यासमोर. ती ‘सन्माननीय परीक्षक’ म्हणाली तिथेच त्यांना संशय आला असणार. हे लोक पाठ करून बसलेत म्हटल्यावर कुणीही खोदणारच की. मी खोदायला लावलं.” अप्पा रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडात शब्द आले होते, मी सांगितलं, मीच मिरज म्हणाले. दाराआडून दोन पावलं पुढे झाले की झालं होतं. ती दोन पावलं मी टाकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईने पिवळं झबलं काकूंना परत दिलं, घडी न मोडता. दुपटी मात्र तिने दिली नाहीत, ती बरीच वर्षं कपाटात होती.

मला वाटलं, आता ती परत मिरजेला जाणार. मी शाळेतून धावत यायची आणि दारातून आधी तिचे केस बघायची. विंचरलेले असायचे. आई गेली नाही. ती गोळ्या घेत राहिली, दोन वर्षांनी त्याही बंद झाल्या. मोडले ते अप्पा. त्या वर्षापासून त्यांनी एकाही मुलाला स्पर्धेसाठी तयार केलं नाही. हेडमास्तरांनी विनवण्या केल्या, पालक घरी येऊन बसले, अप्पा फक्त म्हणायचे, “माझ्याकडून होत नाही आता.” घंटा माळ्यावर गेली. शाळेचा फिरता करंडक दुसऱ्या शाळेने नेला. जेवताना मी काही बोलायला लागले की ते घास हातात धरून ऐकायचे आणि कधीही, चुकूनसुद्धा, माझं वाक्य सुधारायचे नाहीत.

मी मोठी झाले, शिकले, बँकेत लागले, लग्न करून लातूरला गेले. किती वेळा ठरवलं की आता सांगायचं. दिवाळीला ठरवायचे, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवायचे. अप्पांचं हे खचणं वाढत गेलं, तसं माझं सांगणं अवघड होत गेलं. दहा वर्षांच्या पोरीला कुणीही माफ केलं असतं. पंचवीस वर्षांच्या बाईने पंधरा वर्षं गप्प बसल्याचं काय सांगायचं?

अप्पा गेले तेव्हा मी पस्तिशीची होते. किडनीचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “गिरिजा, त्या दिवशी तुझं काही चुकलं नव्हतं हं. तू उत्तम बोललीस. शिकवणाराच चुकला.”

“अप्पा,” मी म्हणाले, आणि पुढे माझी जीभ हलली नाही. तीन करंडक मिळवलेली बाई मी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग डोळे मिटले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आई आणि मी काचेचं कपाट रिकामं करायला बसलो. ढाली शाळेला द्यायच्या असं आईने ठरवलं होतं. ती एकेक ढाल फडक्याने पुसून माझ्याकडे देत होती, मी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. सगळ्यात मोठा करंडक तिने उचलला तसा आत खडखड आवाज झाला. तिने हात घालून तपकिरी बाटली बाहेर काढली. रिकामी होती. आई तिच्याकडे बघत राहिली.

“इथेच ठेवायचे ते, पुढेसुद्धा,” ती म्हणाली. “रोज सकाळी स्वतः काढून द्यायचे मला. तोंडाने कधी काही म्हणाले नाहीत.”

मला आता थांबवेना. “आई,” मी म्हणाले, “मॅडमना मी सांगितलं होतं. मिरजेचं. अप्पांच्या पाठांतराने काही झालं नव्हतं. मी सांगितलं, आणि पंचवीस वर्षं त्यांना तसंच जाऊ दिलं.”

आईने बाटली खाली ठेवली. “मला माहितेय,” ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“खिडकीत होते गं मी. सगळं ऐकलं.”

“मग बोलली का नाहीस? अप्पांना का नाही सांगितलंस?”

“त्या दिवशी दारात उभी होते ना ट्रे घेऊन, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी मिरजेला होते, असं चार शब्दांत. पण हे नुकतेच नाही म्हणाले होते. त्यांना परक्या बाईसमोर खोटं पाडायचा धीर झाला नाही मला. मग पत्र आलं.” तिने करंडक मांडीवर घेतला आणि पुसायला लागली. “पत्र आल्यावर दोनच माणसं होती, ज्यांच्यावर ते ओझं पडणार. तू नाहीतर हे. तू दहा वर्षांची होतीस. आईच्या पदरातलं मूल आपण घालवलं, एवढं डोक्यावर घेऊन तू वाढली असतीस. मला वाटलं, हे मोठे आहेत, ह्यांना पेलेल.” तिने फडकं उलटं केलं. “नाही पेललं त्यांना. ते मला दिसत होतं. रोज दिसत होतं. तरी मी गप्प बसले.”

म्हणजे मी वाचवली गेले होते आणि तरीही ते ओझं पंचवीस वर्षं वागवलंच होतं. तिघं एका ताटाला बसून जेवत होतो आणि आम्ही दोघींनी ते अप्पांपासून आणि एकमेकींपासून लपवलं.

आईचा हात करंडकावर फिरत होता. पुसून लख्ख झाला होता तरी ती पुसत होती.

“तू त्या बाईंना विचारलं होतंस,” ती खालीच बघत म्हणाली. “बाळ आलं की आई परत जाईल का म्हणून. त्यांनी तुला सांगितलं, आईला विचार. मी किती दिवस वाट पाहिली. आज विचारशील, उद्या विचारशील. भांडी घासताना, तुझी वेणी घालताना. तू विचारलंच नाहीस.”

“भीती वाटायची,” मी म्हणाले.

“तू नाही विचारलंस, तर मी सांगायला पाहिजे होतं.” तिने करंडक माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “नसते गेले गं मी, गिरिजा. त्याला घेऊन तुझ्याजवळच राहिले असते.”

मी करंडक वर्तमानपत्रात गुंडाळला. सुतळी तिने धरून ठेवली आणि गाठ मी मारली.